तक्रार केली म्हणजे विश्वास उणा पडला का?

मा. संपादक,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांचे पत्र वाचले. एका गावात घरात चाललेली प्रार्थनासभा जमावाने बंद पाडली, अशी बातमी आपण दिली होती. त्यावर ते लिहितात, ‘छळ झाला तर आनंद करा असे ख्रिस्ती लोकांचे शास्त्रच सांगते. मग आनंद करायचा सोडून हे लोक पोलीस ठाण्यात कशाला गेले?’ त्यांनी हा टोमणा मारला असेल. मला मात्र तो प्रश्न वाटला, आणि चांगला प्रश्न वाटला, कारण आमच्या मंडळीतही, म्हणजे चर्चमध्येही, तो अधूनमधून निघतो. म्हणून उत्तर देते. पत्र लांबले तर काटछाट करा, पण धुऱ्याचा आणि वेचणीचा भाग तेवढा ठेवा.

मी अचलपूर तालुक्यातली. कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात परिचारिका होते, निवृत्त होऊन गावी राहते. आमचे घर पणजीपासून ख्रिस्ती. १८९९-१९०० च्या दुष्काळात ती आईबापावेगळी झाली आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. ‘पोटासाठी बाटले’ हे शब्द मी शाळेत ऐकले, नोकरीत ऐकले, आजही कानावर येतात. त्यांचे मला कधी वाईट वाटले नाही. उपाशी पोरीला ज्यांनी भाकर दिली त्यांच्या देवाला तिने हाक मारली, यात लाजण्यासारखे काय आहे? भाकर देणारे पुढे गेले, मिशन आटोपले, भाकरीचा आधार संपला. हाक मात्र चार पिढ्या चालू आहे.

आता धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची गोष्ट. बाबा वारले ते भर पावसाळ्यात. आमची दफनभूमी नाल्याच्या पलीकडे आहे आणि जायला एकच पांदण. ती त्या दिवशी पाण्याने फुटली होती, तेव्हा पेटी खांद्यावर घेऊन माणसे शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरून निघाली. काळी माती, पाऊल उचलले की चप्पल खालीच राहायची. अर्ध्या धुऱ्यावर शेतमालकाचा मुलगा काठी आडवी धरून उभा राहिला. इथून जाऊ देणार नाही म्हणाला. वर हेही म्हणाला, ‘तुमच्या येशूले सांगा रस्ता द्याले.’ पेटी खाली ठेवावी लागली. आई तिच्या डोक्यावरची छत्री पेटीवर धरून उभी होती आणि स्वतः भिजत होती. पोलीस पाटील आले, बोलणी झाली, उपयोग झाला नाही. शेवटी दुसऱ्या बाजूच्या शेतकऱ्याने स्वतःची बंडी जुंपून आणली आणि आपल्या उभ्या तुरीतून घातली. किती ओळी तुडवल्या गेल्या ते त्याने पाहिलेही नाही. तो आमच्या धर्माचा नव्हता, नात्याचा नव्हता. दिवस मावळायच्या आत माती देता आली.

तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थनेला मंडळीचे पाळक साहेब आले. नवीन होते, तरुण होते. ‘प्रभूच्या नावासाठी या कुटुंबाने छळ सोसला’ अशी त्यांनी सुरुवात केली. आईने तिथेच थांबवले. म्हणाली, ‘पाळक साहेब, हा धुऱ्याचा तंटा हाये. त्याच्या आज्याचा अन् आमच्या मामंजीचा. यात येशूले कायले ओढता?’ आणि ते खरेच होते. पुढे मोजणी झाली तेव्हा धुरा सरकलेला निघाला, आणि तो आमच्या आजोबांनी सरकवलेला होता. आम्ही जागा सोडली. मात्र ‘येशूले सांगा’ हा टोमणा येशूच्या नावाचाच होता, हेही आई म्हणाली. तेवढा तिने आपल्या पदरात घेतला, बाकीचा तंटा तलाठ्याकडे पाठवला.

माझी आई फार शिकलेली नव्हती, पण बायबलातला नवा करार तिने पुन्हा पुन्हा वाचलेला होता. त्यात येशूचा शिष्य पेत्र याचे पहिले पत्र आहे, आजच्या तुर्कस्तानात विखुरलेल्या लहान लहान मंडळ्यांना लिहिलेले. त्या मंडळ्यांना लोक नावे ठेवत होते, वाळीत टाकत होते. पेत्र त्यांना धीर देतो, पण त्याच दमात चौथ्या अध्यायात ताकीदही देतो: तुमच्यापैकी कोणी खुनी म्हणून, चोर म्हणून, दुष्कर्मी म्हणून किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नये. ख्रिस्ती म्हणून भोगावे लागले तरच लाज वाटू देऊ नये. म्हणजे छळ सोसणाऱ्यांना लिहिलेल्या पत्रातच, तुमच्या वाट्याला आलेले सगळेच दुःख विश्वासाचे नाही, हे लिहून ठेवलेले आहे. आमच्या लोकांनी हे वाचायला हवे. रात्री उशिरापर्यंत भोंगा लावला म्हणून पोलिसांनी हटकले, तर तो छळ नव्हे. मंडळीच्या जागेच्या हिशेबावरून आपसातले लोक कोर्टात गेले, तर तो छळ नव्हे. अशा गोष्टींना छळ म्हणत गेलो की जिथे खरोखर छळ आहे तिथे आमचे कोणी ऐकत नाही.

मग खरा कुठला? माझी ओळखायची खूण एकच आहे. एक शब्द फिरवला तर ते दुःख दुसऱ्या दिवशी संपेल का? धुऱ्यावर आम्ही येशूला नाकारले असते तरी काठी हटली नसती. तिथे शब्दाचा प्रश्न नव्हता, जमिनीचा होता.

आमच्या मंडळीत एक बाई येते. तिचे नाव लिहीत नाही. माझेही छापू नका, कारण माझ्यावरून गाव कळेल आणि गावावरून ती. शेजारणीबरोबर ती एकदा गाणी ऐकायला आली आणि येतच राहिली. बाप्तिस्मा अजून झालेला नाही. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली. आमच्याकडे बायकांची टोळी असते, मुकादम सांगतो कुणी कुठल्या शेतात जायचे, आणि मजुरी किलोवर मिळते. घरात वर्षाचा रोख पैसा येतो तो त्याच दिवसांत. ती पहाटे भाकरी बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून ओट्यावर बसली. गाडी तिच्या दारावरून गेली, थांबली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारले तर मुकादमाने सांगितले, टोळी भरली. टोळीत तिच्यापेक्षा हात मंद असलेल्या बायका होत्या. चक्कीवर तिचे दळण सगळ्यांच्या मागून लागू लागले. सासूने तिच्या हातचे पाणी घेणे बंद केले. कोणी तिच्या अंगावर हात टाकला नाही, कोणी शिवी दिली नाही. कुठल्या कलमाखाली तक्रार लिहायची? आणि ‘मी आता तिकडे जात नाही’ एवढे एक वाक्य तिने म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी गाडी तिच्या दारात थांबली असती. ते तिला माहीत होते. तिने म्हटले नाही. दूरच्या गावात तण निंदायला जायची, निम्म्या मजुरीत.

आमिष दाखवून बाटवतात असे म्हणणाऱ्यांना मी विचारते, हिला कोणी कसले आमिष दाखवले? मंडळीने तिला एक जुना नवा करार दिला, तो तिला वाचता येत नाही, लेक वाचून दाखवते. आमिषाचा आरोप आमच्याकडे नवा नाही. विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि नागपूर राजधानी होती, तेव्हा १९५४ साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५६ साली आला आणि त्यातली भाषा अजून भाषणांत ऐकू येते. कोणी पैसे देऊन, धाक घालून किंवा रोग बरा करण्याची थाप मारून बाप्तिस्मा देत असेल तर त्याच्यावर खुशाल गुन्हा नोंदवा, मी साक्षीला येते. मी आयुष्यभर औषधे दिली आहेत. गोळ्या बंद करून प्रार्थनेवर भागवा असे सांगणाऱ्या माणसाला मी दारात उभे करत नाही. पण वेचणी बुडवून घेणाऱ्या बाईला आमिष दाखवले म्हणायचे असेल तर ते कसले, ते कोणीतरी मला समजावून सांगावे.

दुसरी एक किंमत आहे, ती गावातल्यांना दिसतही नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दाखला, पंजाबातल्या काही शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदूंना मिळे. १९५६ साली त्यात सगळे शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला दलित आजही त्यात नाही. वस्ती तीच, काम तेच, गावाची वागणूक तीच, पण फॉर्मवर धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहिले की ती सवलत गेली. माझ्या बाबांनी लिहिले. त्यांच्या चुलतभावाने नाही लिहिले. तो रविवारी आमच्याच बाकावर बसायचा, आमच्याइतकाच मोठ्याने गायचा, आणि त्याची मुले सरकारी नोकरीत लागली. आमच्या मंडळ्यांत अशा लोकांबद्दल कुजबुज फार चालते. मला ती आवडत नाही. ज्याच्या पोराची फी भरायची आहे त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. पण बाबांनी तो रकाना भरला तेव्हा त्यांच्यासमोर काठी घेऊन कोणी उभे नव्हते, कोणी पाहतही नव्हते, आणि त्यांनी खरे तेच लिहिले, याचा मला अभिमान आहे. इथेही प्रश्न एका शब्दाचाच होता.

आता मुख्य प्रश्नाकडे येते: पोलीस ठाण्यात का गेलात?

येशूने एका गालावर मारले तर दुसरा पुढे कर असे सांगितले, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याला पकडून महायाजकासमोर नेले, तिथे एका शिपायाने त्याला चपराक मारली, तेव्हा तो काय म्हणाला हे कोणी सांगत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात आहे: मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? हात उगारला नाही, पण जाब विचारला. प्रेषित पौलाचेही तसेच. फिलिप्पै गावात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशी न करताच फटके मारून तुरुंगात घातले. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, सोडून द्या. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक. उघड उघड मारले आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावे आणि आम्हाला बाहेर न्यावे. अधिकारी आले आणि त्यांची विनवणी केली. पुढे कैसरियात खटला तुंबला तेव्हा त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे दाद मागितली. हाच पौल तुरुंगातून आनंदाची पत्रे लिहीत होता. त्याला आनंद आणि अर्ज एकमेकांच्या आड येताना दिसले नाहीत. संविधानाचा २५ वा अनुच्छेद मला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याचा हक्क देतो. तो मागायला मी ठाण्याची पायरी चढले तर देवावरचा विश्वास कमी झाला असे कसे होईल? तक्रार केली नाही तर उद्या तोच जमाव दुसऱ्या कुणाच्या दारात जाईल. तो कुणी ख्रिस्तीच असेल असेही नाही.

आनंदाबद्दलही सांगते. येशूच्या शिष्यांना, म्हणजे प्रेषितांना, फटके मारून सोडले तेव्हा ते आनंद करत गेले असे लिहिले आहे. फटके गोड लागले असे लिहिलेले नाही. आणि आनंद करून ते घरी बसले नाहीत, पुन्हा रोज मंदिरात जाऊन ज्या गोष्टीसाठी मार खाल्ला तीच सांगत राहिले. दुःख शोधत जा असे तर येशूने कुठेच सांगितले नाही. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असे त्याने शिष्यांना स्पष्ट सांगितले. आमच्यातल्या काही उत्साही लोकांना हे वाक्य माहीत नसावे.

२२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप आणि तिमथी ही दोन मुले गाडीत झोपली होती. जमावाने गाडी पेटवली. थोरला दहा वर्षांचा, धाकटा सहा. स्टेन्स ऑस्ट्रेलियाचे, बारीपदाला कुष्ठरोग्यांमध्ये काम करणारे. म्हणजे माझ्याच कामाचा माणूस. बातमी आमच्या वॉर्डात रेडिओवर आली तेव्हा मी एका म्हाताऱ्या रुग्णाच्या तळपायाची जखम साफ करत होते. माळकरी होता. बधिर पाय, कडेची मेलेली कातडी कापावी लागते, त्याला काही जाणवत नाही. रोग औषधांनी बरा झालेला, पण घरचे नेत नव्हते. त्याने बातमी ऐकली, बराच वेळ गप्प राहिला, मग विचारले, ‘सिस्टरबाई, आता तुमी बी सोडून जासान का?’ मला बोलता आले नाही. मान हलवली आणि पट्टी बांधली. त्याच्या प्रश्नात जेवढे भय होते तेवढे आमच्या प्रार्थनेच्या खोलीतही त्या दिवशी नव्हते. मिशनचा माणूस मेला की त्याच्या हातून पट्टी बांधून घेणाऱ्याचे काय होते, हे मला तेव्हा कळले.

ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. आणि त्या गेल्या नाहीत, मुलीला घेऊन बारीपदालाच राहिल्या आणि २००४ पर्यंत तिथले काम पाहत होत्या. क्षमा केली म्हणून खटला थांबला नाही. त्या जमावाचा म्होरक्या दारा सिंग, त्याला २००३ साली फाशी सुनावली गेली, २००५ साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेप केली, २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम ठेवली. तो कायद्याचा भाग झाला, तो कायद्याने केला. मनातला सूड काढून टाकणे हे एका बाईचे काम होते, ते तिने केले. त्या पत्रलेखकांना या दोन गोष्टी एकच वाटतात, तिथेच आमची चुकामूक होते.

आणखी एक नाव सांगते, कारण ते आपल्या मातीच्या जवळचे आहे. सिस्टर राणी मारिया, केरळच्या, इंदूरकडे उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करत. त्या लोकांना बचत शिकवत, बँकेचे कर्ज मिळवून देत, सावकाराच्या हातून सोडवत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये चाकूने भोसकून आणि खाली ओढून त्यांना मारले. मारणारा समुंदर सिंग, त्याला पुढे करणारे दुसरेच. यात कोणी त्रैक्यासारख्या धर्मसिद्धांतावर वाद घातला नव्हता, दुखावले होते ते व्याज. मग हे दुःख विश्वासासाठी की सावकारीसाठी? आमच्या विदर्भात हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सावकाराच्या पाशात अडकलेल्या शेतकऱ्याचे काय होते ते आपण पाहिलेले आहे. येशूने धन्य म्हटले आहे ते धार्मिकपणाकरता, न्यायाकरता छळले गेलेल्यांना. गरिबांची कर्जे सोडवणे थांबवले असते तर राणी मारिया जगल्या असत्या. म्हणून माझ्या खुणेने ते दुःख विश्वासाचेच. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन समुंदर सिंगला राखी बांधली. तो २००६ साली सुटला, तो त्या घरचा मुलगा होऊन. राखी हा ख्रिस्ती विधी नाही. तिला जवळचे जे मिळाले ते तिने घेतले.

आमच्या पाळकांना आणि तरुणांना माझी विनंती आहे. कुठे काही घडले की रडणाऱ्या बायकांचे फोटो मोबाइलवर गावभर आणि परदेशात पाठवू नका. त्या बाईला दुसऱ्या दिवशी त्याच चक्कीवर जायचे असते. ज्याचे दुःख आहे त्याला आधी विचारा, काय करायचे आहे तुला? तक्रार करायची तर बरोबर जा आणि प्रथम खबरेची (एफआयआरची) प्रत मागून घ्या. गाव सोडायचे तर सामान उचलायला जा. काहीच नको असेल तर तूर निंदायला तिच्या शेजारी बसा. आणि ज्या गावाने वाळीत टाकले त्या गावातल्या माणसाला ताप आला तर औषध घेऊन आधी तुम्ही पोचा. मी पोचले आहे. मुकादमाच्या घरीही गेले आहे, त्याच्या आईचे इंजेक्शन होते. त्याने बाईला टोळीत परत घेतलेले नाही. ते तो घेईल म्हणून मी गेले नव्हते.

त्या बाईने यंदाच्या कापणीच्या सणाला सूपभर तूर आणून वेदीपुढे ठेवली. कुठून आणली मी विचारले नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला पत्रलेखकांच्या शास्त्रातला आनंद म्हणता येईल. त्याच हाताने तिने नंतर पोलीस पाटलाकडे द्यायच्या अर्जावर अंगठा उठवला, कारण आता तिच्या लेकीलाही शाळेच्या रस्त्यावर थांबवून काहीबाही विचारू लागले होते.

संपादक महोदय, शेवटी एक काम आपल्याकडे. ज्या बातमीवरून हे सुरू झाले तिच्या मथळ्यात आपण ‘कथित धर्मांतराचा प्रकार उघडकीस’ असे छापले होते. आतल्या मजकुरात धर्मांतराची एकही तक्रार नव्हती. होते ते घरात शिरून केलेली मारहाण, फोडलेली खिडकी आणि जमावाविरुद्ध नोंदवलेला गुन्हा. पुढच्या वेळी अशी बातमी आली तर गुन्हा कोणावर आणि कशासाठी नोंदवला गेला तेच मथळ्यात द्या, आणि ज्यांच्या घरात शिरले त्यांच्याशी आपल्या वार्ताहराने एकदा बोलावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
ता. अचलपूर, जि. अमरावती